छप्पन्नाव्या वर्षी नोकरी गेलेल्या स्नेह्यासाठी पहिले तीन महिने

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात फोंड्याला राहणारे तुमचे एक स्नेही, तुमच्याहून बारा वर्षांनी मोठे, कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात 18 वर्षं होते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18,000, हातात येणारी रक्कम 27,000 च्या आसपास. आता त्यांना कमी केलं आहे. पीएफमधून मुलीच्या लग्नाला आणि घराच्या छपराला पैसे काढलेले, त्यामुळे तिथे साधारण 3 लाख 40 हजार उरलेत. घर आजोबांच्या नावावरचं. ते म्हणतात, ‘‘माझ्याकडे मागे काहीच नाही.’’ आणि तुम्हाला विचारायचं आहे की बघत बसण्याखेरीज तुमच्या हातात काय आहे.

भरपूर आहे. ‘काहीच नाही’ असं म्हणणाऱ्या माणसाचं बहुतेक वेळा चार-पाच ठिकाणी विखुरलेलं काहीतरी असतं. नोकरी गेल्याच्या धक्क्यात ते गोळा करायची ताकद त्याच्यात उरलेली नसते, आणि वर लाज असते. उसने पैसे देण्यापेक्षा ही गोळाबेरीज करून देणं जास्त मोलाचं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट विचारा: त्यांनी कशावर सही केली आहे? ‘राजीनामा लिहून द्या, पुढची नोकरी मिळायला बरं पडेल, वरून दोन पगार देतो,’ असं गोडीत सांगितलं जातं. राजीनामा दिला की ती कामगार कपात राहत नाही, आणि कपातीची भरपाई हातची जाते. सही झाली नसेल तर करू देऊ नका. कंपनीला कमी करायचंच असेल तर तिने कारणासह लेखी नोटीस द्यावी. सही झालीच असेल, तर कोणत्या परिस्थितीत, कोणासमोर, काय सांगून घेतली हे तारखेसह त्याच आठवड्यात लिहून ठेवा. सहा महिन्यांनी आठवणी पुसट होतात आणि वाद आठवणींवरच उभा राहतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत, म्हणून कमी केल्याची तारीख आधी पाहा. त्यानंतरची असेल तर मांडणी अशी. किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. त्यावर दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई. शिवाय पुनर्कौशल्य निधी, म्हणजे नवं काम शिकायला मदत म्हणून पंधरा दिवसांचं वेतन, जे 45 दिवसांत थेट कामगाराच्या खात्यात यायला हवं. हे शेवटचं अनेकांना माहीतच नसतं. राहिलेला पगार कामावरून काढल्यापासून दोन कामाच्या दिवसांत देणं बंधनकारक आहे.

इथे अडचण येते ती ओळखपत्रावरच्या ‘सुपरवायझर’ या शब्दाची. महिना 18,000 पेक्षा जास्त वेतन घेणारा पर्यवेक्षक कायद्याच्या दृष्टीने कामगार ठरत नाही, आणि कंपनी हाच मुद्दा पुढे करते. तुमच्या स्नेह्यांचं वेतन या रेषेवर आहे, रेषेपलीकडे नाही. दुसरं म्हणजे, ओळखपत्रावरच्या हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष काम काय करत होते ते महत्त्वाचं. दिवसभर मशीनवर उभं राहून, शेवटी रजिस्टरमध्ये चार नोंदी करणारा माणूस केवळ ‘लाइन सुपरवायझर’ लिहिलं म्हणून पर्यवेक्षक होत नाही. रजा मंजूर करण्याचा, कुणाला मेमो देण्याचा अधिकार त्यांना होता का, हे विचारा. नसेल तर तसं सांगणारे दोन सहकारी आणि शिफ्टचे कागद शोधा. तक्रार पणजीला पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांच्या कचेरीत करायची. तडजोडीत 45 दिवस गेले आणि काही निघालं नाही तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येतं, मात्र कामावरून काढल्यापासून दोन वर्षांच्या आत.

ग्रॅच्युइटी वेगळी आहे, आणि ती राजीनामा दिला तरी मिळते. पाच वर्षं सेवा झालेल्याला, दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत तो हक्क आहे. हिशेब सोपा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. इथे 18,000 ला 26 ने भागून 15 ने आणि 18 ने गुणलं की 1,86,923 रुपये येतात. 30 दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासह. कंपनी आपणहून देईल म्हणून थांबू नका. लेखी अर्ज करा, पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर टपालाने पाठवा. ‘तुमचं नाव मधली दोन वर्षं कंत्राटदाराकडे होतं’ असं म्हणून सेवा तोडून दाखवणं ही नेहमीची चाल आहे. काम तेच, जागा तीच आणि खंड नाही, हे पीएफच्या पासबुकातल्या महिन्यामहिन्याच्या नोंदीतून दिसतं. म्हणून ते पासबुक पहिल्याच दिवशी उतरवून घ्या.

आता पीएफ. 55 ओलांडून निवृत्त होणाऱ्याला पूर्ण रक्कम काढता येते, आणि नेमका इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. पैसे येतात त्या आठवड्यात घरात तीन सल्ले येतात: गाडी घेऊन टॅक्सी लाव, भावाच्या धंद्यात घाल, नाहीतर ओळखीच्या पतसंस्थेत ठेव, तिथे दोन टक्के जास्त मिळतात. टॅक्सीचं गणित ऑक्टोबर ते मे या हंगामावर चालतं आणि हप्ता बाराही महिने भरावा लागतो. छप्पन्नाव्या वर्षी कधीही गाडी न चालवलेल्या माणसाने परमिट, बॅज, स्टँडवरची जागा हे सगळं नव्याने सुरू करायचं आणि तेही निवृत्तीच्या एकुलत्या एक पैशावर, याला माझा स्पष्ट विरोध आहे. पतसंस्थेबद्दल एवढंच ध्यानात ठेवा की बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. म्हापसा अर्बन बँकेचा परवाना 2020 मध्ये रद्द झाला तेव्हा ठेवीदारांना या विम्याचाच आधार होता. विमाच नसता तर काय झालं असतं, याचा विचार करून मगच दोन टक्क्यांकडे पाहा.

मुळात पीएफ लगेच काढायची घाई नाही. खात्यावर व्याज चालू राहतं. 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही वर्षांसाठी ते 8.25 टक्के होतं. मात्र 55 नंतर निवृत्त झालेल्याने तीन वर्षांत दावा केला नाही तर खातं निष्क्रिय धरलं जातं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत पीएफ असलेली नोकरी लागली तर पैसे न काढता खातं तिकडे वळवायचं. म्हणून क्रम असा: आधी भरपाई आणि ग्रॅच्युइटी हातात घ्या, त्यावर घर चालवा, आणि पीएफचा निर्णय तिसऱ्या महिन्यात करा.

विखुरलेलं म्हणजे काय, ते इथे दिसतं. तुमचे स्नेही 18 वर्षं कुंडईत होते, पण त्याआधी? त्यांच्या वयाची डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा भागातली कितीतरी माणसं आधी खाणीवर, बार्जवर किंवा एखाद्या हॉटेलात होती. त्या नोकरीचा पीएफ नंबर आजच्या यूएएनला, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफच्या क्रमांकाला, जोडलेला नसण्याची शक्यता मोठी, कारण यूएएन आलाच 2014 मध्ये. जुनी पगारचिठ्ठी, जुनं ओळखपत्र, नेमणुकीचं पत्र, ट्रंकेत जे काही असेल ते बाहेर काढायला सांगा. तिथली शिल्लक तर मिळेलच, पण पेन्शनसाठी ती वर्षं मोजली जातील हे जास्त महत्त्वाचं. त्या वेळी नोकरी सोडताना त्यांनी 10-सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसेही काढून घेतले असतील तर ती सेवा संपली. नसेल काढले तर ती अजून जिवंत आहे.

पीएफला जोडून मिळणाऱ्या पेन्शनचं, म्हणजे ईपीएसचं सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले 70. किमान दहा वर्षं सेवा हवी. बहुतेक जण 15,000 ला सरळ 18 ने गुणतात आणि 3,857 रुपये मिळणार म्हणून बसतात. तसं होत नाही. सप्टेंबर 2014 पूर्वीच्या सेवेसाठी पगाराची मर्यादा 6,500 धरली जाते, त्यानंतरच्या सेवेसाठी 15,000. 7 वर्षं आधीची आणि 11 नंतरची धरली तर 650 अधिक 2,357, म्हणजे 3,007 रुपये. जुन्या खाणीवरचं प्रत्येक वर्ष सापडलं की महिन्याला आणखी 93 रुपयांपर्यंत भर पडते, आणि एकूण सेवा 20 वर्षांवर गेली तर दोन वर्षं जादा धरली जातात. रक्कम लहान वाटते, पण ती मरेपर्यंत येते आणि मागे पत्नीला विधवा पेन्शन मिळते.

ही पेन्शन 58 व्या वर्षी सुरू होते. 50 नंतर कधीही आधी घेता येते, मात्र दर वर्षामागे चार टक्के कपात. ‘आधी घेऊ नका, नुकसान होतं’ असं सर्रास सांगतात. हिशेब करून पाहा. 56 व्या वर्षी घेतली तर 3,007 ऐवजी साधारण 2,770 मिळतील. दोन वर्षांत हातात आलेले 66,000 रुपये, आणि नंतर दरमहा सुमारे 240 चा तोटा. तो तोटा भरून निघायला 23 वर्षं लागतात, म्हणजे वय 80 च्या पुढे. त्यातच ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. तेव्हा पीएफ असलेली नोकरी मिळण्याची आशा नसेल तर आधी पेन्शन घेण्यात काही चुकीचं नाही. आशा असेल तर मात्र थांबा, कारण आधीची पेन्शन सुरू केली की पुढची सेवा तिच्यात धरली जात नाही. अर्ज 10-डी फॉर्मवर.

दावे अडकतात ते नावावर. गोव्यात हे दुखणं फार जुनं. जन्मनोंद पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगने, शाळेचा दाखला दुसऱ्या स्पेलिंगने, आधार तिसऱ्या. नाईकच्या शेवटी कुठे ‘के’ तर कुठे ‘क्यूयूई’, शेटची सुरुवात कुठे ‘एस’ने तर कुठे ‘एक्स’ने, गावकरमध्ये ‘के’ की ‘सी’ याचा पत्ता नाही. जन्मतारखेतही एखाद्या वर्षाचा फरक निघतो. यूएएन जुना असेल तर पीएफच्या नोंदीत दुरुस्ती करायला मालक आणि कामगार यांचं संयुक्त घोषणापत्र लागतं. कंपनीशी संबंध तुटण्याआधी, हिशेब चालू असतानाच ते करून घ्या. नंतर एचआरमधला माणूस फोन उचलत नाही. कामाची शेवटची तारीख आणि नोकरी सोडल्याचं कारण कंपनीने पोर्टलवर बरोबर टाकलं आहे ना, तेही तपासा. कपात केली असताना तिथे ‘राजीनामा’ निवडलेलं असेल तर ते लगेच लेखी हरकत घेण्याजोगं आहे.

सगळं मिळून चित्र असं दिसतं: पीएफ 3.40 लाख, ग्रॅच्युइटी 1.87 लाख, कपातीची भरपाई साधारण 1.62 लाख, नोटिशीचे 18,000. सात लाखांच्या आसपास. ‘काहीच नाही’ नव्हे, पण पुरेसंही नाही.

यातून आधी महाग कर्ज फेडायचं. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर वर्षाला 36 टक्क्यांच्या आसपास व्याज जातं. त्याच्यापुढे कुठलीही गुंतवणूक उभी राहत नाही. गृहकर्ज किंवा सोसायटीचं कर्ज असेल तर हप्ता चुकण्याआधी लेखी भेटा आणि मुदत वाढवून मागा. 90 दिवस थकलं की खातं बुडीत वर्गात जातं आणि मग शाखाधिकाऱ्याच्या हातात फारसं उरत नाही. मग सहा महिन्यांचा घरखर्च, समजा 1.20 लाख, साध्या बचत खात्यात आणि लहान ठेवींत. उरलेल्यातले पाच लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. ती 60 नंतरची असं लोक समजतात, पण 55 ते 60 मधल्या निवृत्त माणसालाही ती खुली आहे. अट एवढी की निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडायचं आणि रक्कम त्या पैशांपेक्षा जास्त नसावी. कंपनीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं; तेही हिशेबाच्या वेळीच मागून घ्या. व्याज 8.2 टक्क्यांनी पाच लाखांवर दर तिमाहीला 10,250 रुपये. वर्षाच्या आत मोडलं तर व्याज मिळत नाही, म्हणून सहा महिन्यांचे पैसे आधी बाजूला काढायचे.

या वयात नवी पेन्शन उभी करता येत नाही. अटल पेन्शनला चाळिशीची अट आहे. ‘पाच वर्षं भरा, मग आयुष्यभर उत्पन्न’ असा कागद घेऊन विमा एजंट येतीलच. पगार थांबलेल्या माणसाने नवा वार्षिक हप्ता अंगावर घेऊ नये.

सरकारी योजनांत एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटते. गृह आधार योजनेत विवाहित स्त्रीला महिना 1,500 रुपये मिळतात, पती-पत्नीचं मिळून वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असलं तर. महिना 27,000 म्हणजे वर्षाला 3.24 लाख, आजवर त्यांच्या पत्नी बसत नव्हत्या, आता बसतात. गोव्यात 15 वर्षांचं वास्तव्य हवं आणि उत्पन्नाचा दाखला मामलेदाराकडून. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिना 2,000 रुपये 60 पूर्ण झाल्यावर. तिथली उत्पन्नाची अट कडक आहे आणि पेन्शन, व्याज धरलं जातं, म्हणून ते आताच्या हिशेबात धरू नका.

आजारपणाचं मात्र एक दिवसही मागे ठेवू नका. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे मुदत संपण्याआधी लेखी विचारा. प्रतीक्षाकाळाचा, म्हणजे जुन्या आजारांचा खर्च मिळण्याआधी थांबावं लागतं त्या काळाचा, फायदा तसाच पुढे येतो. जमलं नाही तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे का पाहा: तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला 2.5 लाख, चार किंवा अधिक असतील तर 4 लाख. बऱ्याच घरांत कार्ड असतं, नूतनीकरण राहिलेलं असतं. मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या पैसे वाचवायला म्हणून गुपचूप बंद होतात, हे मी अगदी कळकळीने सांगतो आहे. बांबोळीचं गोमेकॉ म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, फोंड्याचं उपजिल्हा रुग्णालय, जवळचं आरोग्य केंद्र, जिथे जमेल तिथून त्या चालू राहतील असं बघा. ज्यांचा पगार 21,000 च्या आत होता आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जायचं, त्यांनी बेरोजगारी भत्त्याची चौकशी ईएसआयच्या कचेरीत आधी करावी.

घर आजोबांच्या नावावर आहे, म्हणजे त्यावर कर्ज मिळणं कठीण. आपल्याकडच्या कायद्यात सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार सहीला येतात. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, झालेली नसेल तर बँक दारातूनच परत पाठवते. संकटात घाईने हिस्सा लिहून देऊ नका. मात्र एखादी खोली रिकामी असेल तर कुंडई-बेतोडा भागातल्या कामगारांना भाड्याने देता येते. भाडेकरूची पोलीस पडताळणी आणि साधा लेखी करार, दोन्ही करा.

व्याजाचे साधारण 3,400, पेन्शनचे 2,770, गृह आधारचे 1,500 मिळून 7,700 च्या आसपास. घरखर्च 20,000 धरला तर बारा-साडेबारा हजारांचं काम हवं. हे त्यांना आकड्यात दाखवा. ‘आता 27,000 ची नोकरी कोण देणार’ या भीतीत ते आहेत. प्रत्यक्षात निम्म्याहून कमी पुरणार आहे. स्टोअरकीपर, गृहनिर्माण सोसायटीचा व्यवस्थापक, देवस्थानची कचेरी, औषधांचं दुकान, शाळेची बस सांभाळणारा, हॉटेलचं भांडार, अशा जागा छप्पन्न वयाला नाही म्हणत नाहीत. या जागा जाहिरातीत येत नाहीत, तोंडी भरतात. तुमच्या ओळखी इथे वापरा, आणि ‘बिचाऱ्याची नोकरी गेली’ असं न सांगता ‘18 वर्षं एका जागी साठा आणि नोंदी सांभाळलेला माणूस आहे’ असं सांगा. रात्रपाळीची सुरक्षारक्षकाची नोकरी पहिल्याच आठवड्यात मिळेल. साखर असलेल्या माणसाने ती शेवटी धरावी.

तुमच्या पैशाबद्दल. द्यायचे तर परत आले नाहीत तरी चालतील एवढेच, आणि पत्नीच्या हातात, गाजावाजा न करता. जामीनदार मात्र राहू नका. कर्ज थकलं तर बँक तुमच्याकडे येईल आणि मैत्रीही जाईल. चवथीचा खर्च, गणपतीवर बांधायच्या माटोळीपासून पाहुण्यांपर्यंत, यंदा आटोपशीर करायचा तर भावकीत ते बोलणं त्यांच्याऐवजी मोठ्या भावाने किंवा तुम्ही काढा. त्यांच्या तोंडून ते निघणार नाही.

लाज कशी दिसते ते ओळखा. काही जण महिनाभर सकाळी डबा घेऊन नेहमीच्या बसने निघतात आणि कुठेतरी बसून संध्याकाळी परततात. घरात सांगितलेलं नसतं. पत्नीला माहीत आहे का, हे पहिल्याच भेटीत सरळ विचारा, कारण निम्म्या कागदांवर पत्नीची सही लागणार आहे. पिणं वाढलं, झोप गेली, ‘माझ्यामागे यांचं काय’ अशी भाषा आली किंवा पॉलिसीचे कागद अचानक नीट लावून ठेवलेले दिसले, तर त्यांना एकटं सोडू नका. जीव देण्याचा विचार येतो का, असं स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास फुकट चालतो आणि बांबोळीच्या मनोरुग्णालयात, ज्याला सगळे आयपीएचबी म्हणतात, बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे सोबत जा.

‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणू नका. ते सांगणार नाहीत. येत्या सोमवारी सकाळी साडेआठला त्यांच्या दारात गाडी उभी करा. पिशवीत आधार, पॅन, बँकेचं पासबुक, नेमणूक पत्र, शेवटच्या सहा पगारचिठ्ठ्या, कंपनीने दिलेला प्रत्येक कागद, ट्रंकेत सापडलेलं जुनं काहीही, आणि सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. पाटोवर कामगार आयुक्तांची कचेरी आणि भविष्य निधीची कचेरी जवळजवळ आहेत, एका सकाळीत दोन्ही होतात. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, हे रविवारीच पाहून ठेवा. तो मुलीच्या जुन्या सिमवर असला की ओटीपी येत नाही आणि अख्खी खेप फुकट जाते.